सहावं पान

“बाई, मशीन बदललं काय तुमचं?”

दस्तगीरकाका एमआरआयच्या नळीत पालथे पडले होते. उजवा हात डोक्यापुढे सरळ ताणलेला. दोन तपासण्यांच्या मधे मी माइकवरून, सगळं ठीक आहे ना, असं विचारलं होतं. त्याला हे उत्तर आलं. मी विचारलं, कशावरून म्हणता.

“मागल्या खेपेला पांढरी चारला बोलत होतं. आता काळी पाचला बोलतंय. आणि मधेच घसरतंय.”

मशीन खरंच बदललं होतं. जुनं डिसेंबरात गेलं, नवं जानेवारीत बसलं. तेव्हापासून शेकडो पेशंट त्या नळीत जाऊन आले होते. आवाज फार आहे असं सगळेच म्हणाले. आवाजाचा सूर वेगळा आहे असं म्हणणारे हे पहिले. मी त्यांना हलू नका म्हणून सांगितलं आणि पुढची तपासणी सुरू केली. ही मार्च २००७ मधली गोष्ट.

मी तेव्हा मिरजेतल्या एका एमआरआय सेंटरमध्ये टेक्निशियन होते आणि काका गावातले तंबोरे बनवणारे. पूर्ण नाव दस्तगीर जमादार, वय त्रेपन्न. दीड वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या हाताच्या कोपराखालच्या स्नायूतून लिंबाएवढी गाठ काढली होती. कॅन्सरचीच, पण हाडातली नव्हे, मांसातली. अशी गाठ पूर्ण निघाली तरी त्याच जागी परत येऊ शकते, आणि बोटाला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून ठरावीक महिन्यांनी एमआरआय काढून बघायचं. पहिला त्यांनी वेळेवर काढला, जानेवारी २००६ मध्ये, जुन्या मशीनवर. तोही मीच काढला होता. नंतरच्या दोन तारखा त्यांनी चुकवल्या.

आत नेण्याआधी मी व्रणाच्या दोन्ही टोकांना माशाच्या तेलाची एकेक गोळी चिकटवली होती. ती चित्रात पांढरी उमटते आणि व्रण कुठून कुठपर्यंत आहे ते कळतं. माझी ती नेहमीची पद्धत. काकांनी गोळीकडे बघून विचारलं होतं, “ही हातानंच खायची असती काय?”

हात आडवा कापत गेल्यासारखी चित्रं पडद्यावर येऊ लागली. नवव्या चित्रात, व्रणाच्या खाली, दोन हाडांच्या मधे मला एक पांढरा ठिपका दिसला. ज्वारीच्या दाण्याएवढा.

टेबल बाहेर आलं. काका उठून बसले आणि त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं. सगळे तसंच बघतात. आमच्या कामात पेशंटला काही सांगायचं नसतं; चित्रं काढणं आमचं, वाचणं डॉक्टरांचं. पण पेशंटला तेवढा धीर नसतो, तो आमचं तोंड वाचतो. त्यामुळे चेहरा कोरा ठेवणं हाही आमच्या कामाचाच भाग. मला ते शिकावं लागलं होतं. पुण्यात नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शिक्षिकेनं टेबलावरून उतरताना माझा हात धरून विचारलं, आणि मी “काही नाही” म्हणून गेले. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. काही होतं. त्या बाई नुसत्या एकदा माझ्याकडे बघून गेल्या.

“काय निघालं?” काकांनी विचारलं.

“डॉक्टर सांगतील,” मी म्हटलं.

आमचे डॉक्टर म्हणजे डॉ. शिरगुप्पे. साठीचे, कमी बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून फिल्म अगदी नाकाजवळ नेऊन बघणारे. त्यांनी काकांना समोर बसवून पहिला प्रश्न विचारला तो जुन्या फिल्मांचा. आमच्याकडे जुन्या मशीनच्या डिस्क होत्या, पण त्या नव्या मशीनला वाचता येत नव्हत्या. कंपनीचा माणूस दोनदा येऊन हात टेकून गेला होता. तेव्हा पेशंटला दिलेल्या फिल्मा एवढाच काय तो पुरावा.

काका म्हणाले, हरवल्या. घर साफ करताना गेल्या असतील. हे ते जमिनीकडे बघत म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी समजावून सांगायला बराच वेळ घेतला. मी फिल्मा पाकिटात भरत तिथंच उभी होते. ऑपरेशन झालेल्या जागी पांढरं दिसण्यासारखं पुष्कळ असतं, ते म्हणाले. साचलेलं पाणी असतं, भरून आलेलं मांस असतं. परत आलेली गाठही तशीच पांढरी. गाठ उजळवणारं इंजेक्शन देऊनही हा ठिपका ना धड उजळला, ना होता तसा राहिला. सुई घालून तुकडा काढावा तर जागा दाण्याएवढी. सुई जरा बाजूला गेली की उत्तर चुकीचं. एका चित्रावरून सांगता येत नाही, दोन लागतात. मागच्या वेळी तिथंच आणि तेवढाच असेल, तर तो व्रणाचा भाग. मागच्या वेळी नसेल, तर गाठ परत आली.

“फिल्म असती तर पक्कं सांगता आलं असतं,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगलीच्या सर्जनना फोन लावला. बोलणं माझ्या समोरच झालं. ठिपका एका नसेला खेटून होता, मनगट आणि बोटं वर उचलणाऱ्या. तो काढायचा म्हणजे नसही काढायची. हातात वस्तू धरता येईल, पण मूठ मोकळी करता येणार नाही, मनगट खाली पडून राहील. नुसत्या शंकेवर एवढं करायला सर्जन तयार नव्हते. थांबणंही त्यांना आवडत नव्हतं, कारण ही गाठ असलीच तर ती तेवढ्यात फुप्फुसापर्यंत पोचू शकते. शेवटी तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढायचा असं ठरलं.

“म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत,” काका म्हणाले. त्यांनी डाव्या हाताच्या पेरांवर आठवडे मोजले. बारा भरले तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. मला ते तेव्हा विचित्र वाटलं.

नव्या फिल्मा रिपोर्टबरोबर मिळायच्या; त्या न्यायला ते आलेच नाहीत. चार दिवस पाकीट काउंटरवर पडून राहिलं. शनिवारी सेंटर अर्धा दिवस असायचं. त्यांची गल्ली माझ्या वाटेवरची, म्हणून जाताना मी ते घेऊन गेले.

त्या गल्लीत दुकान आणि घर एकच. पुढे काम, मागे स्वयंपाक. दस्तगीरकाकांच्या दुकानाच्या बरोबर समोर त्यांच्या धाकट्या भावाचं, नबीलालचं दुकान. दोघांची तोंडं दिवसभर एकमेकांसमोर, आणि नऊ वर्षं बोलणं बंद. हे गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं, मलाही. वडिलांनी एक अकरा पानांची वेल काढली होती. भोपळ्याच्या कडेनं ती बसवली की तंबोरा जमादारांचा हे लांबून कळायचं. वडील गेल्यावर वेलीचा कागद थोरल्याकडे राहिला. धाकट्यानं मागितला. थोरल्यानं सांगितलं, पान एका घरात एकच. तेव्हापासून नबीलालच्या भोपळ्यांवर साधी पट्टी. एकाला दुसऱ्याशी काम पडलंच, तर मधला चहावाला निरोप पोचवायचा.

मी पोचले तेव्हा साडेचार झाले असतील. काका पश्चिमेच्या खिडकीत भोपळा मांडीत घेऊन बसले होते. त्यावर एक काळी पारदर्शक जाळी धरून ते पेन्सिलीनं पानं आखत होते. मागून उजेड येत होता. मी चप्पल काढता काढता त्या जाळीकडे बघितलं, आणि तिच्यात मला दोन पांढरी वर्तुळं दिसली. एक मोठं, एक लहान, शेजारी शेजारी. त्याच्या बाजूला पुन्हा तशीच दोन. मनगट ते कोपर, हाताची दोन हाडं आडवी कापली की अशी दिसतात. दुसऱ्या कोणाला ती नक्षी वाटली असती. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत काकांचं नाव होतं, उलटं.

“काका, ही फिल्म.”

त्यांनी हात थांबवला नाही. चालू होतं ते पान पुरं केलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि मग वर बघितलं.

“हरवली म्हणालात.”

“हरवलीच की. एवढी कापल्यावर काय राहिलं तिच्यात?”

वडिलांचा कागद सरसानं भिजून भिजून चिंधी झाला होता, म्हणून त्यांनी वेल फिल्मवर उतरवून कापून घेतली होती. कागद भिजतो, पत्रा बोटं कापतो; फिल्म भिजत नाही, चाकूला सरळ जाते आणि भोपळ्याच्या गोलाईवर आपोआप बसते. असा माल बाजारात मिळत नाही, असं ते मला अगदी मनापासून सांगत होते. एकूण चार फिल्मा होत्या. तीन सरस ओढायला तुकडे करून वापरल्या, संपल्या. ही तेवढी राहिली.

मी विचारलं, मग डॉक्टरांना तसं का नाही सांगितलं. कापलेली तर कापलेली, आणून दाखवता आली असती.

काकांनी आत बघून हमीदाचाचींना चहा ठेवायला सांगितलं. भांड्याचा आवाज आल्यावर ते हळू बोलायला लागले. गाठ परत आलीय, त्यांना माहीत होतं. हात त्यांचा होता. रात्री व्रणाखाली ठणकतं ते काय उगाच? डॉक्टर म्हणाले, फिल्म असली की पक्कं सांगता येतं. त्यांना पक्कं नको होतं. त्यांना बारा आठवडे हवे होते. हुबळीच्या एका गाणाऱ्या बाईंची जोडी करायला घेतली होती, दोन तंबोरे, एकाच वेलाचे भोपळे. जोडीला एकच हात लागतो. एक एकानं आणि दुसरा दुसऱ्यानं केला की त्या दोन वाद्यांचं आयुष्यभर जुळत नाही.

“आणि जूनमध्ये फुप्फुसात निघालं तर?” मी विचारलं.

“फुप्फुसानं तंबोरा होत नाही, बाई.”

मी समोर बघितलं. समोरच्या दुकानात नबीलाल दांडीला पॉलिश मारत होता. आमच्याकडे पाठ करून, पण हात संथ चाललेला.

फिल्मवर वीस चित्रं होती, पाच ओळी, ओळीत चार. वेल तिरकी गेलेली. पानं जिथं जिथं कापून निघाली होती तिथं भोकं होती. मी नवी फिल्म पाकिटातून काढून काचेजवळ धरली आणि दोन्हींवर गोळ्यांच्या खुणा शोधल्या. नव्या फिल्मवर त्या तिसऱ्या आणि सोळाव्या चित्रात होत्या, जुन्या फिल्मवर चौथ्या आणि सतराव्या. म्हणजे नव्यातलं नववं ते जुन्यातलं दहावं. दहाव्या चित्राच्या जागी भोक होतं.

“कापून निघालेली पानं टाकली?”

काका माझ्याकडे बघायला लागले, जणू मी भलतंच काही विचारलं. पानं कशी टाकतील? जाळीवरून भोपळ्यावर खाच आखायची आणि पानांवरून सेल्युलॉइडच्या पांढऱ्या पत्र्यातली पानं कापायची. दोन्ही लागतात, तरच पान खाचेत बसतं. त्यांनी बिस्किटांचा एक डबा ओढून माझ्यापुढे ठेवला. आत अकरा काळी पानं होती, प्रत्येकावर सुईनं नंबर कोरलेला.

“बघायचं तर बघा,” ते म्हणाले. “मला सांगू नका.”

“मी तसंही सांगत नाही.”

“म्हणून तर बघा म्हणालो.”

खिडकीची काच मी ओल्या फडक्यानं पुसली. फिल्म पाण्यावर चिकटून बसते. आधी जाळी चिकटवली, मग एकेक पान उचलून त्याच्या भोकात सरकवत गेले. पहिलं, दुसरं, तिसरं. काका मधे मधे नखानं एखादं पान केसभर हलवायचे. त्यांच्या बोटांना ती जागा माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त माहीत होती. उजव्याच हाताची बोटं. हमीदाचाची चहा घेऊन आल्या, काचेवर काय चाललंय ते बघितलं आणि कप खाली न ठेवता तशाच उभ्या राहिल्या.

दहावं चित्र सहाव्या पानावर होतं. ते पान वापरून वापरून टोकाला झिजलेलं, एक टवका उडालेला. मी ते बसवलं. नवी फिल्म शेजारी धरली. आधी दोन हाडं बघितली, मग त्यांच्या मधला पडदा, मग स्नायू, मग व्रण. मग व्रणाखाली, टवक्याच्या अगदी कडेला बघितलं. मी घाई करत नाही. पाच-सहा सेकंद लागले असतील.

मग मी चेहरा होता तसाच ठेवून मागे सरले आणि म्हटलं, ही फिल्म मला डॉक्टर शिरगुप्प्यांना दाखवायला पाहिजे.

काका फिल्मकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते. गाणारा तार छेडतो तेव्हा ते जसे तारेकडे न बघता कान देऊन बसत, तसे.

“कळलं,” ते म्हणाले.

“मी काही बोलले नाही, काका.”

“तेच की.”

त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. पान आजपर्यंत घराबाहेर गेलं नव्हतं, एवढंच म्हणाले. स्वतःच्या हातानं एकेक पान काचेवरून सोडवलं, कोरडं केलं, डब्यात ठेवलं, जाळी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. गाठ मारताना त्यांचा अंगठा क्षणभर सुतळीवरच राहिला. हमीदाचाचींनी चहा परत आत नेला. पायरीवर मी चप्पल घालायला गरजेपेक्षा जरा जास्त वेळ लावला. मग निघाले.

घरून डॉक्टरांना फोन केला, तर ते भाचीच्या लग्नाला बेळगावला गेलेले. सोमवारी सकाळी येणार. मधे अख्खा रविवार. डबा माझ्या कपाटावर होता. मी दोनदा उघडला, दोनदा बंद केला. खिडकीतल्या उजेडात, झिजलेल्या टोकापाशी, पाच सेकंदांत बघितलेल्या गोष्टीवर किती विसंबायचं, ते माझं मला ठरेना. गल्लीपर्यंत चालत जायला मला बारा मिनिटं लागली असती. मी गेले नाही.

सोमवारी नऊ चाळीसला डॉक्टरांनी लाइटबॉक्स लावला. त्यांनी माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं, ड्रॉवरमधून सेलोटेप काढली आणि अकराही पानं आपापल्या जागी चिकटवून टाकली. चष्मा कपाळावर गेला. त्यांनी पट्टीनं जुन्या फिल्मवर मोजलं, बाजूच्या मोजमापानं भागलं, मग नव्या फिल्मवर तसंच केलं. भिंग घेऊन पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“सात बाय पाच मिलिमीटर,” ते म्हणाले. “इथंही सात बाय पाच. कडाही त्याच. चौदा महिन्यांत गाठ अशी बसून राहत नाही. व्रणातलंच आहे हे.”

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“तुला शनिवारीच दिसलं होतं.”

मला शनिवारीच दिसलं होतं. सहाव्या पानावर, टवक्याच्या कडेला, ज्वारीचा दाणा. त्याच जागी, तेवढाच.

सर्जनना त्यांनी लगेच फोन केला. ऑपरेशनचा विषय बंद. सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं आणि या खेपेला तारीख चुकवायची नाही. फोन ठेवून डॉक्टर म्हणाले, पेशंटला फोन नाही, तूच जाऊन सांगून ये. आज सांगितलंस तरी चालेल.

अकराच्या सुमारास मी गल्लीत शिरले. नबीलालचं दुकान बंद होतं. सोमवारी त्या गल्लीत कोणी दुकान बंद ठेवत नाही. काकांच्या दारात गेले तर आत, खिडकीच्या उजेडात, नबीलाल बसला होता. मांडीवर भोपळा. शेजारी काका. दोघांच्या मधे खाकी कागद पसरलेला आणि त्यावर वेल काढलेली, अकरा पानं, पेन्सिलीनं. जाळी माझ्याकडे, पानं माझ्याकडे; त्यांनी ती नुसत्या हातानं काढली होती.

पुढचं मला हमीदाचाचींनी नंतर सांगितलं. मी गेल्यावर काका तासभर तसेच बसून होते. मग उठले, अनवाणी रस्ता ओलांडला आणि भावाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. नऊ वर्षांनी पहिलं वाक्य बोलले ते असं, हात जाणार आहे, त्याच्या आत वेल उतरवून घे. नबीलालनं ब्रश खाली ठेवला. तेव्हापासून दोन दिवस दोघं त्याच खिडकीत होते. एक काढत होता, दुसरा त्यावरून गिरवत होता. दुसऱ्या तंबोऱ्याला नबीलालचा हात लागायचाच होता, म्हणून काका त्याचा हात आपल्यासारखा करून घेत होते.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. ठिपका जुनाच आहे. वाढलेला नाही. ऑपरेशन नाही.

आत हमीदाचाचींच्या हातातलं काहीतरी खाली ठेवल्याचा आवाज आला. नबीलालनं पेन्सिल भोपळ्यावरून उचलली. कागदाची घडी घातली, ती दोन बोटांनी थोरल्याकडे सरकवली आणि उठायला लागला.

“बैस,” काका म्हणाले.

“भाई, आता तुमचं तुम्हीच करा की.”

“सातवं पान वाकडं आलंय तुझं. ते नीट कर, मग जा.”

नबीलाल बसला. काकांनी घडी उलगडून कागद परत मधे ठेवला. मग ते माझ्याकडे वळले. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरतील. तसं काही झालं नाही.

“परवा तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसलं होतं.”

“मग?”

“सांगायचं नसतं, काका. आणि खात्री नव्हती.”

त्यांनी हे ऐकून घेतलं. “दोन दिवस मी डाव्या हातानं जेवतोय,” ते म्हणाले. “सवय व्हावी म्हणून.”

त्यांनी मला बसा म्हटलं नाही, चहा विचारला नाही. मी निघाले, तेव्हा नबीलाल सातवं पान खोडत होता.

हुबळीच्या बाईंची जोडी मे महिन्यात गेली. दोन्हींवर वेल होती. पुढे समोरच्या दुकानातल्या भोपळ्यांवरही ती दिसायला लागली, आणि जमादारांचा तंबोरा म्हणजे कुठल्या जमादाराचा, हे गिऱ्हाइकाला विचारून घ्यावं लागू लागलं. काकांना हे मनापासून आवडलं असेल असं मला वाटत नाही. एकदा ते मला म्हणाले होते, नब्याची पानं बरी असतात, जरा जाड असतात. पण दोन्ही दुकानांचा चहा एकाच किटलीतून येत होता.

सप्टेंबरात ते तारखेला हजर झाले आणि नंतर एकही तारीख त्यांनी चुकवली नाही. आधी सहा महिन्यांनी, मग वर्षानं. टेबलावरून उतरताना दर वेळी विचारायचे, “आज तोंड कुठं ठेवून आलात बाई?” मी म्हणायचे, डॉक्टर सांगतील. नवी चित्रं त्या सेलोटेप लावलेल्या फिल्मशी ताडून बघितली जायची. काकांनी ती परत मागितली नाही. गोळ्यांच्या खुणा, दहावं चित्र, सहावं पान. सात बाय पाच. डॉक्टर शिरगुप्पे निवृत्त झाले, नवे आले, फिल्म जाऊन सगळं कॉम्प्युटरवर आलं. तरी काकांच्या फाइलला ते पाकीट जोडलेलं राहिलं. शेवटचा एमआरआय २०१७ चा.

काका गेले ते दोन वर्षांनी, हृदयविकारानं, सकाळी कामावर बसलेले असताना. त्यानंतर महिन्याभरानं नबीलाल सेंटरमध्ये आला. तोही आता म्हातारा झाला होता. भाईनं कापलेली वेल तुमच्याकडे आहे, ती मिळेल का, असं त्यानं काउंटरवर विचारलं. मला बोलावणं आलं. पाकीट मीच शोधून काढलं.

त्याला फिल्म नीट दिसावी म्हणून मी ती खिडकीशी धरली. सेलोटेप पिवळी पडली होती. त्यानं आधी वेल बघितली, बोट न लावता, एकापासून अकरापर्यंत. मग बराच वेळ वेलीच्या मागे बघत राहिला.

“ह्यात भाईचा हात कुठला?”

इतक्या वर्षांत मी कोणाला फिल्म समजावून सांगितली नव्हती. मी त्याचं बोट धरून दहाव्या चित्रावर ठेवलं. हे मोठं हाड, हे धाकटं, मी सांगत गेले. मधला हा पडदा. हे मूठ आवळणारे स्नायू. हे बोटं उघडणारे. ही बारीक रेघ म्हणजे ती नस. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत होता, आणि आपल्या हाताकडे बघून ती तिथं आहे का ते चाचपत होता.

बोट झिजलेल्या टोकाशी आलं.

“आणि हे पांढरं?”

“काही नाही,” मी म्हटलं.